ड्रॅगनचं सोनं, गावाचं धान्य

अद्भुतरम्य जगातल्या रोलप्लेइंग खेळात एक प्रसंग हमखास येतो. साहसवीर गुहेतून पोतंभर सोनं घेऊन बाहेर पडतात आणि पायथ्याच्या गावातल्या खानावळीत उतरतात. बियरचा भाव काल होता तोच आज असतो, पुढच्या महिन्यातही तोच. खऱ्या जगात असं होत नाही. १३२४ साली मालीचा सुलतान मानसा मुसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याच्या लवाजम्याने इतकं सोनं वाटलं, की तिथे सोन्याचा भाव पडला. सुमारे बारा वर्षांनी इतिहासकार अल-उमरीने ही हकीकत लिहिली, तेव्हाही तो पुरता सावरला नव्हता. खेळाडूच्या पैशाने आजूबाजूचं जग हलतं का, हीच मला खेळाचं जग रचण्याच्या कलेची खरी परीक्षा वाटते.

ही अडचण सुरुवातीलाच ओळखली होती गॅरी गायगॅक्स यांनी. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला, तेव्हा सोन्याच्या एका नाण्यामागे एक अनुभवगुण मिळे. म्हणजे सोनं सापडत राहिल्याशिवाय खेळ फारसा पुढे सरकत नसे. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत त्यांनी चढ्या भावांचं कारणही दिलं: सोन्याच्या शोधात माणसं लोटली तेव्हा अलास्कातल्या गावांत जशी महागाई झाली, तसा हा मुलूख समजा. पुढच्या वर्षीच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये वरची पातळी गाठण्यासाठी प्रशिक्षणाचा जबर खर्च लावला, दरमहा पातळीगणिक शंभर सुवर्णनाणी राहणीमानाची ठेवली, वर करही सुचवले. नियम जाचक होते, पण आलेलं सोनं जाणार कुठे याचा विचार त्यांत होता.

नंतर तो विचार पातळ झाला आणि उरली दरपत्रकं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडी पाच तांब्याच्या नाण्यांना मिळते आणि दहा फुटी काठी दोन चांदीच्या नाण्यांना, म्हणजे वीस तांब्यांना. शिडीच्या दोन्ही उभ्या काठ्या सुट्या करून दरपत्रकाच्याच भावाने विकल्या तर पाचाचे चाळीस होतात. अकुशल मजुराची रोजंदारी चांदीचं एक नाणं. म्हणजे एका शिडीमागे साडेतीन दिवसांची मजुरी सुटते. ही चूक किरकोळ आहे आणि पुढे ती सुधारलीही गेली. मला जास्त खुपते ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली एक नोंद. मजुराला दिवसाला चांदीची दोन नाणी आणि जखम भरणाऱ्या औषधाची कुपी सोन्याच्या पन्नास नाण्यांना. दहा चांदीचं एक सोनं, तेव्हा ही अडीचशे दिवसांची मजुरी झाली. अशी विषमता असायला हरकत नाही, पण मग कुऱ्हाड पायावर पडलेल्या लाकूडतोड्याचं काय होतं, त्याला कर्ज कोण देतं, याचं उत्तर जगात कुठेतरी सापडायला हवं. दोन्ही आकडे एकाच पुस्तकात आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

ऑनलाइन खेळांना अशी बेफिकिरी परवडली नाही, कारण तिथे हजारो माणसं एकाच बाजारात उतरतात. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ने जगातला माल मोजकाच ठेवून पाहिला, खेळाडूंनी साठेबाजी केली, माल फिरेना, आणि ती योजना सोडावी लागली. तेव्हापासून पैसा येण्याचे नळ आणि जाण्याच्या मोऱ्या मोजण्याचं शास्त्र पक्कं होत गेलं. २०१३ च्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ने तर मूळ खेळात सोन्याचं नाणंच ठेवलं नाही. व्यवहार होतो तो हत्यारांचे गुण बदलणाऱ्या गोलकांत, आणि गोलक वापरला की संपतो. रचना म्हणून हे देखणं आहे. पण या खेळांत कुणी कुणाचं देणं लागत नाही. सौदा झाला की संबंध मिटला.

म्हणून मला जुनी, कमी खपलेली एक वाट मोठी वाटते. १९८३ मध्ये एन. रॉबिन क्रॉसबी यांनी रोलप्लेइंग खेळासाठी ‘हार्न’ हे काल्पनिक बेट रचलं. तिथे रोजचं नाणं चांदीची पेनी, सोनं विरळा. त्याच्या जहागिरीच्या पुस्तकात जमीन किती, कुळं किती, कुणी किती दिवस वेठीला राबायचं, पाऊसपाणी कसं, असा सगळा ताळेबंद मांडता येतो. तो मांडताना दमछाक होते हे खरं. पण सुगी बुडाली की सरदाराच्या पदरी किती शिपाई टिकतील हे त्यातून आपसूक कळतं. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या ‘पेंड्रागॉन’ या खेळात दर वर्षाअखेर हिवाळा येतो, तेव्हा घोडा जगला का, मूल वाचलं का, वर्ष कसं गेलं, हे फाशांनी ठरतं. त्यांच्याच ग्लोरॅन्था जगावर १९९९ मध्ये आलेल्या ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ या संगणक-खेळात संपत्ती गायींत मोजतात. शेजारच्या कुळाने गायी पळवल्या की नुकसान होतं आणि वैरही साठतं. भेट दिली तर पुढे कधीतरी ती आठवून मदत मागता येते. इथे अर्थव्यवस्था म्हणजे माणसांची एकमेकांशी असलेली बांधिलकी.

मराठीत खेळ रचणाऱ्यांना हे परकं वाटू नये. खळ्यावर बलुतं घेणाऱ्या सुताराला वर्षभर नाणं दिसलं नाही, तरी शेतकऱ्याचा नांगर दुरुस्त होत होता. पेशवाईत निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये चालत आणि सराफ प्रत्येकावर वेगळा बट्टा कापे. दहा तांब्यांची एक चांदी हा हिशेब सगळ्या राज्यांत निमूट चालतो, असल्या जगापेक्षा त्या सराफाच्या पेढीवर कितीतरी कथा आहेत.

आणि जादू? तिचा हिशेब जवळजवळ कुणीच केलेला नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत ‘प्लँट ग्रोथ’ नावाचा मंत्र आहे. आठ तास तो म्हटला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली पिकं वर्षभर दुप्पट धान्य देतात. हे क्षेत्र सुमारे पाचशे एकर भरतं. एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाने! असा मांत्रिक असलेल्या राज्यात शेतीवरचे निम्मे हात मोकळे होतील. ते शहरांत जातील किंवा सैन्यात. धान्याचा भाव कोसळेल, सारा रोखीत मागणारा राजा शेतकऱ्याला बुडवेल, धान्यात घेणारा कोठारं बांधत सुटेल, आणि शेजारचं राज्य सोन्याच्या गुहेपेक्षा त्या मांत्रिकाला पळवायला माणसं पाठवील. नवं जग रचणाऱ्याने दरपत्रकाआधी हा एक मंत्र घेऊन बसावं, आणि आपल्या नकाशावरच्या पहिल्या गावात दहा सुगींनंतर काय उरेल ते लिहून काढावं.