कुंपणाची कला : लंडनच्या उद्यानांविषयीं

लंडनला जाऊन आलेल्या मराठी लेखकाच्या प्रवासवर्णनांत तेथील उद्यानांवर एक परिच्छेद बहुधा असतोच. हिरवळ कशी मखमलीसारखी, कागदाचा कपटा कसा दृष्टीस पडत नाहीं, बाकावरचा म्हातारा साहेब बदकांना पाव कसा चारतो, आणि शेवटीं 'नाहीं तर आमच्याकडे पाहा' हा सुस्कारा. हें सारें खोटें असतें असें नाहीं. परंतु उद्यान ही कोणीतरी रचलेली कृति आहे, तिला हेतु आहे, तिच्या अंगीं गुणदोष आहेत, आणि नाटकाचें किंवा देवळाचें करतों तसें तिचेंहि परीक्षण करतां येतें, ही जाणीव या लेखनांत क्वचितच आढळते. सृष्टिसौंदर्य म्हणून एकदां वर्णन केलें कीं टीकेचें काम संपलें, असा आपला समज झालेला दिसतो. प्रस्तुत लेखांत लंडनच्या कांहीं उद्यानांकडे रचना म्हणून पाहावयाचें आहे. तसें पाहूं लागलें कीं प्रवासी ज्या वस्तूकडे सहसा लक्ष देत नाहीं तिच्यापाशींच, म्हणजे कुंपणापाशीं, येऊन थांबावें लागतें.

'पार्क' हा शब्दच मुळांत कुंपणाचा आहे. शिकारीसाठीं राखलेलें, भोंवतीं बंदिस्त केलेलें रान, हा त्याचा जुना अर्थ. हाइड पार्कची जमीन आठव्या हेन्रीनें १५३६ सालीं वेस्टमिन्स्टरच्या मठाकडून घेतली ती हरणांच्या शिकारीसाठीं. पहिल्या चार्ल्सनें तें रान १६३७ सालीं लोकांना खुलें केलें. आणि मौज अशी कीं त्याच वर्षीं त्याच राजानें रिचमंड येथील सुमारें अडीच हजार एकरांभोंवतीं भिंत घातली, व तिच्या आंत इतरांचीं शेतेंभातेंहि सांपडलीं. आपल्या 'मालविकाग्निमित्रां'तलें प्रमदवन आठवावें. तेथें राजा आहे, राण्या आहेत, विदूषक आहे, अशोकाला फुलें यावींत म्हणून त्याला पाय लावणारी मालविका आहे; नगरांतला वाणी किंवा शिंपी संध्याकाळीं सहज फिरावयास आला आहे असा प्रवेश मात्र त्या नाटकांत नाहीं. लंडनच्या उद्यानांचा इतिहास म्हणजे प्रमदवनांत नगर शिरल्याचा इतिहास होय. तें कसें शिरलें, आमंत्रणानें कीं दार ढकलून, यावर प्रत्येक उद्यानाची चव अवलंबून आहे.

केवळ कलेच्या दृष्टीनें पाहिलें तर पहिला मान सेंट जेम्स पार्कला द्यावा लागेल. तें अवघें सत्तावन्न एकरांचें आहे. दुसऱ्या चार्ल्सनें फ्रेंच धर्तीवर तेथें एक लांब, सरळ कालवा खणविला होता. १८२७-२८ च्या सुमारास जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञानें त्याच्या सरळ कांठांना वळणें दिलीं, मध्यें झाडींचे पुंजके उभे केले, आणि पाण्याला आरंभहि दिसूं नये व अंतहि दिसूं नये अशी योजना केली. पुलाच्या मध्यावर उभें राहिलें म्हणजे एका अंगाला बकिंगहॅम राजवाडा आणि दुसऱ्या अंगाला, झाडांच्या माथ्यांवर तरंगणारे, व्हाइटहॉलचे मनोरे. हीं सरकारी कचेऱ्यांचीं छपरें आहेत हें ठाऊक असूनहि क्षणभर एखाद्या पौर्वात्य अद्भुत कथेंतलें नगर पाहत आहों असा भास होतो. त्यांच्या मागून डोकावणारें अलीकडचें तें प्रचंड फिरतें चाकहि, मला वाटतें, चित्राला बाधक होत नाहीं. थोडक्या जागेंत दूरत्व उत्पन्न करणें ही मोठी कला आहे, आणि ती येथें पूर्णत्वास गेली आहे. या उद्यानाविषयीं एक आख्यायिका आहे. दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिनें तें पुन्हां केवळ राजघराण्यासाठीं बंद करावयाचें तर काय खर्च येईल, असें मुख्य मंत्री वॉलपोल यांस विचारलें. फार नाहीं, तीन मुकुट, असें त्यांनीं सांगितलें म्हणतात. 'क्राउन' हें इंग्रजींत नाण्याचेंहि नांव. आणि इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड मिळून मुकुटहि तीनच. राणीनें तो विचार सोडून दिला.

केन्सिंग्टन गार्डन्समध्यें याच राणीची इच्छा अधिक फलद्रूप झाली. तेथील वर्तुळाकार तळें आणि लगतच्या हाइड पार्कांतलें सर्पेंटाइन हीं तिच्या काळचीं. सर्पेंटाइन हें वेस्टबोर्न नांवाच्या लहानशा नदीला बांध घालून १७३० च्या सुमारास निर्माण केलेलें. परंतु टीकाकारानें पाहावयाची गोष्ट ती नव्हे. ब्रिजमन या उद्यानकारानें दोन उद्यानांच्या सीमेवर भिंतीऐवजीं खोल चर खणविला. दुरून पाहणाराला चर दिसत नाहीं. आपली हिरवळ थेट पलीकडच्या रानांत मिसळली आहे असें वाटतें, आणि पलीकडून मात्र कोणा गुराला किंवा आगंतुकाला आंत येतां येत नाहीं. इंग्रजी उद्यानकलेचें सारें मर्म मला या चरांत सांठवलेलें दिसतें. फ्रेंच राजा आपलें स्वामित्व सरळ रेषांनीं उच्चरवानें सांगतो. इंग्रज सरदार तें वळणांनीं लपवितो. ज्या अठराव्या शतकांत उद्यानांतलीं कुंपणें अदृश्य होत होतीं त्याच शतकांत पार्लमेंटचे कायदे गांवोगांवच्या सामायिक कुरणांभोंवतीं कुंपणें उभीं करीत होते. या दोन घटनांचा कांहीं संबंध असला पाहिजे हा तर्क माझा एकट्याचा नव्हे. रेमंड विल्यम्स यांच्या 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथानें त्या दिशेनें पुष्कळांचे डोळे उघडले आहेत. आणि खुद्द केन्सिंग्टन गार्डन्समध्यें त्या शतकांत प्रवेश मिळे तो ठराविक दिवशीं, आणि तोहि नीटनेटक्या पोशाखांतल्यांनाच.

रीजंट्स पार्कविषयीं माझें मत तितकेंसें अनुकूल नाहीं. १८११ च्या नॅशच्या आराखड्यांत हें लोकांचें उद्यान नव्हतेंच. पन्नासाहून अधिक श्रीमंती बंगले झाडींत अशा बेतानें बसवावयाचे होते कीं एकाला दुसरा दिसूं नये आणि प्रत्येक मालकाला संपूर्ण उद्यान आपलेंच वाटावें. प्रत्यक्षांत मोजकेच बंगले झाले. भोंवतालच्या शुभ्र इमारती, अनेक घरें मिळून एकच राजवाडा असल्याचा आव आणीत, अजून उभ्या आहेत. त्यांत नाटकी पडद्याचा खोटेपणा आहे, आणि तो मला कधींहि पूर्णपणें विसरतां आलेला नाहीं. लोकांना आंत येऊं दिलें तें १८३५ पासून, तेंहि कांहीं भागांत व आरंभीं आठवड्यांतून दोनच दिवस. मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. धनिकांसाठीं रचलेला तो भ्रम रचनेंत तसाच राहून गेला आहे. आज तळ्याकाठच्या बाकावर बसलेल्या कोणाहि कारकुनाला घटकाभर वाटतें कीं हें सारें आपलेंच आहे. नॅशला हें अभिप्रेत नव्हतें. पण कृति कर्त्याच्या हेतूहून थोर ठरल्याचीं उदाहरणें वाङ्मयांत थोडीं का आहेत?

आतां वाङ्मयाकडेच वळूं. आम्ही इंग्रजीचे अध्यापक मॅथ्यू अर्नोल्डचें नांव मोठ्या आदरानें घेतों, आणि तें योग्यच आहे. या कवीनें केन्सिंग्टन गार्डन्समध्यें बसून लिहिलेली एक कविता १८५२ सालीं प्रसिद्ध झाली. शहराचा कोलाहल अगदीं हांकेवर असतांना या झाडांखालीं किती शांति आहे, हा तिचा विषय. आणि ही शांति अंतःकरणांत सदैव राहावी ही तिची प्रार्थना. कविता गोड आहे, प्रामाणिक आहे. पुढें १८६६ च्या २३ जुलैस मताधिकार मागणारी रिफॉर्म लीगची मिरवणूक हाइड पार्कच्या दाराशीं आली. सरकारनें सभेला बंदी करून फाटकें लावून घेतलीं होतीं. पुढारी मंडळी निषेध नोंदवून ट्राफल्गर चौकाकडे निघालीं. मागें राहिलेल्या जमावानें लोखंडी कठड्यांना रेटा दिला तों ते हलले, आणि बघतां बघतां लांबच लांब आडवे झाले. 'कल्चर अँड अनार्की' (१८६९) या अर्नोल्डच्या प्रसिद्ध ग्रंथांत हे मोडलेले कठडे पुनःपुन्हां डोकावतात. वाटेल तें करणें म्हणजे स्वातंत्र्य, या वृत्तीचें तें त्याच्या लेखीं ठळक उदाहरण.

हीं दोन पुस्तकें आम्ही वेगवेगळ्या वर्गांना शिकवितों, आणि त्यामुळें त्यांतला विरोध आमच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या शांतीवर कवि लुब्ध झाला ती त्या कठड्याच्या आंतली होती. बाहेरच्यांना ती हवी होती कीं काय हा प्रश्न कवितेंत उद्भवत नाहीं. आणि गद्यांत उद्भवतो तो चौकशीच्या नव्हे, तक्रारीच्या स्वरांत. अर्नोल्ड निर्दय नव्हता. शाळा तपासणीच्या नोकरींत त्यानें गरिबांचीं मुलें उभ्या हयातींत जितकीं पाहिलीं तितकीं त्याच्या टीकाकारांपैकीं थोड्यांनींच पाहिलीं असतील. तरीहि त्याच्या 'संस्कृती'ला एक फाटक आहे, आणि त्याची किल्ली आपल्या वर्गाकडे असावी हें त्याला स्वाभाविक वाटतें, असा माझा आक्षेप आहे. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. ६ मे १८६७ रोजीं बंदी मोडून त्याच उद्यानांत प्रचंड सभा शांतपणें पार पडली, गृहमंत्र्याला पद सोडावें लागलें, त्याच वर्षीं मताधिकाराचा कायदा झाला, आणि १८७२ च्या कायद्यानें उद्यानांत सभा भरण्याला मान्यता मिळाली. आमचे प्रवासी ज्या वक्त्यांच्या कोपऱ्याचें 'इंग्रजांची सहिष्णुता' म्हणून कौतुक करतात त्याचा पाया हा आहे.

व्हर्जिनिया वुल्फ यांची समज मला येथें अधिक खोल वाटते. 'मिसेस डॅलोवे' (१९२५) या कादंबरींत रीजंट्स पार्कच्या बाकांवर एकाच सकाळीं दोन माणसें येतात : हिंदुस्थानांतून परतलेला पीटर वॉल्श, आणि महायुद्धानें मन विस्कटलेला तरुण सेप्टिमस. पीटर डुलक्या घेतो. सेप्टिमसला झाडें सजीव झाल्याचा भास होतो, त्याची परदेशी बायको एकटी पडते. एकाला दुसऱ्याच्या दुःखाचा पत्ता नाहीं. पीटरला ती दोघें भांडणारीं प्रेमिकें वाटतात. उद्यान सर्वांना जागा देतें, कोणाला जवळ आणीत नाहीं. उद्यानाविषयीं याहून खरें लिहिलेलें माझ्या वाचनांत नाहीं.

राजांनीं दिलेल्या या उद्यानांत लोक मोकळेपणीं फिरतात खरे, पण ती भूमि आजहि राजमुकुटाचीच आहे. व्यवस्था २०१७ पासून एका धर्मादाय संस्थेकडे आहे. आणि कांहीं वहिवाटीचे रस्ते सोडले तर आंत जाण्याचा जनतेला कायदेशीर हक्क नाहीं, ती राजकृपा आहे. भिक्षा आणि वांटा यांतला भेद ताट भरलेलें असेपर्यंत जाणवत नाहीं, इतकेंच.

म्हणूनच प्रवासी जेथें फिरकत नाहीं त्या पूर्व भागांतल्या व्हिक्टोरिया पार्कला मी महत्त्व देतों. गोदींच्या आणि कारखान्यांच्या त्या वस्तींत मृत्यूचें प्रमाण किती भयंकर आहे, आणि एखाद्या उद्यानानें तें कसें घटेल, हें विल्यम फार या आंकडेशास्त्रज्ञानें १८३९ च्या सरकारी अहवालांत मांडलें. पुढच्याच वर्षीं तीस हजार सह्यांचा अर्ज राणीकडे गेला, आणि १८४५ सालीं उद्यान उघडलें. जागेसाठीं पैसा उभा केला तो यॉर्क हाउस हा पश्चिमेकडचा वाडा बहात्तर हजार पौंडांना विकून. रचना नॅशच्या हाताखालीं तयार झालेल्या पेनेथॉर्नची आहे, आणि ती, खरें सांगावयाचें तर, सामान्य आहे. गुरूचीं वळणें शिष्यानें सपाट जमिनीवर गिरवलीं आहेत. पण येथें तळें दूरत्वाच्या आभासासाठीं नव्हतें. घरीं न्हाणीघर नसलेले कामकरी उन्हाळ्याच्या पहांटे झुंडीनें येऊन त्यांत आंघोळ करीत. ज्या कृतींत पाण्याला इतकें स्पष्ट काम आहे तिच्यापुढें औचित्यविचार करणारा टीकाकार जरा नरमतो.

हॅम्पस्टेड हीथ हें तर उद्यानच नव्हे. तो चढउताराचा, काटेरी झुडपांचा, पावसांत चिखल होणारा माळ आहे. १८२९ पासून सर टॉमस मेरियन विल्सन या जमीनदारानें तेथें घरें बांधण्याची परवानगी पार्लमेंटकडे वारंवार मागितली, आणि चाळीस वर्षें ती नाकारली गेली. तो १८६९ मध्यें वारला; त्याच्या वारसानें हक्क विकले, आणि १८७१ च्या कायद्यानें माळ मोकळा, बिनकुंपणाचा व बिनबांधकामाचा ठेवण्याचें ठरलें. अठराव्या शतकांतले उद्यानकार अमाप पैसा खर्चून ज्याची नक्कल करीत होते तें मूळ येथें फुकट पडलेलें होतें. टीकेला येथें फारसें कामच उरत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत लोखंडासाठीं लंडनच्या उद्यानांचे आणि चौकांतल्या खाजगी बागांचे कठडे काढण्यांत आले, आणि कधीं नव्हे तें आजूबाजूचीं पोरें त्या बागांतून खेळूं लागलीं. १९४४ च्या उन्हाळ्यांत कठडे परत येऊं लागलेले पाहून जॉर्ज ऑर्वेल यांनीं आपल्या साप्ताहिक सदरांत त्यावर चिडून लिहिलें. त्या चौकांपैकीं पुष्कळ आजहि कुलूपबंद आहेत. किल्ली भोंवतालच्या रहिवाशांकडे.

राहतां राहिली रिचमंडची भिंत. दुसऱ्या जॉर्जची कन्या अमेलिया हिच्याकडे त्या उद्यानाची देखरेख आली तेव्हां तिनें जुन्या वाटा बंद केल्या. जॉन लुइस नांवाचा तेथलाच एक मद्य गाळणारा व्यापारी न्यायालयांत गेला, आणि १७५८ सालीं त्यानें दावा जिंकला. दार हवें कीं भिंतीवर शिडी, असें त्याला विचारण्यांत आलें. दार असलें म्हणजे तें लावून घेतां येतें, म्हणून त्यानें शिडी मागितली. शिडी झाली, पण पायऱ्या मुद्दाम इतक्या लांब लांब ठेवल्या कीं मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढतां येईना. लुइस पुन्हां न्यायाधीश फॉस्टर यांच्यापुढें उभा राहिला. आपल्याहि तें ध्यानांत आलें आहे, असें ते म्हणाले, आणि मुलें व म्हातारेच नव्हेत तर म्हाताऱ्या बायकांनाहि सहज चढतां येईल अशा बेताच्या पायऱ्या बसविण्याचा त्यांनीं हुकूम केला, असें सांगतात.