वाचकाचे हवे-नको

पाहुणचारासाठी मराठीत एक फार अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे: हवे-नको पाहणे. घरी आलेल्या माणसाला नुसते पान वाढून भागत नाही. त्याला काय रुचते, काय चालत नाही, याची चौकशी यजमानाला करावी लागते. वाङ्मयाच्या पंक्तीत मात्र ही चौकशी कोणी करीत नाही. लेखक वाढतो आणि वाचक जेवतो. एखादा पदार्थ नावडला तर वाचकाने तो मुकाट्याने पानाच्या कडेला सारावा, आणि एखादा जिभेवर रेंगाळला तरी पुन्हा मागू नये, असा शिरस्ता आहे. मध्ये उभे असणारे आम्ही टीकाकार पाककृतीची चर्चा करतो. जेवणाऱ्याच्या भुकेची सहसा करीत नाही.

इंग्रजी वाचकांच्या एका लहानशा जगात या शिरस्त्याला अपवाद आहे. तेथे २००३ सालापासून दर वर्षी नाताळच्या सुमारास ‘यूलटाइड’ नावाची कथांची देवघेव चालते. योजना मोठी गमतीची आहे. ज्या पुस्तकांचे वा चित्रपटांचे असे लिहिते चाहते संख्येने थोडे आहेत, त्यांतली पात्रे घेऊन प्रत्येकाने एक नवी कथा लिहायची; ती निदान एक हजार शब्दांची असायला हवी. कोणासाठी लिहायची ते संयोजक ठरवून देतात. आपल्यासाठी कोण लिहीत आहे हे मात्र कळू देत नाहीत. २५ डिसेंबरला कथा उघड होतात आणि १ जानेवारीला लेखकांची नावे. पैशाचा व्यवहार कोठेच नाही. आपल्या भिशीत जसा प्रत्येक जण भरतो आणि प्रत्येकाला मिळते, तशी ही कथांची भिशी. अशा कथांना इंग्रजीत फॅन फिक्शन म्हणतात; आपण त्यांना चाहत्यांच्या कथा म्हणू.

या भिशीत पुष्कळ मंडळी आधी एक पत्र लिहून ठेवतात. मायना ‘प्रिय लेखक’ असा; कारण लेखक कोण हे ठाऊक नसते. मला अमुक पुस्तक का आवडते, त्यातले कोणते माणूस माझा जीव की प्राण आहे, कोणत्या प्रसंगानंतर पुढे काय झाले ते वाचायचे आहे, आणि कोणती गोष्ट कथेत मुळीच नको, हे सारे त्यात मनमोकळेपणाने लिहिलेले असते. याला इच्छापत्र म्हणावे तर वकील आणि साक्षीदार डोळ्यांपुढे उभे राहतात. म्हणून मी हवे-नकोचे पत्र म्हणते. रीजन्सी काळावरच्या प्रणयकादंबऱ्यांविषयीची अशी पत्रे मी आवडीने वाचत आले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की, त्यांतली चांगली मागणी ही चांगल्या टीकेच्या तोलाची असते. वाईट मागणीही असते. ती ओळखावी कशी, एवढाच या लेखाचा विषय.

रीजन्सी म्हणजे इंग्लंडातला राजप्रतिनिधीचा काळ. तिसऱ्या जॉर्ज राजाचे मन भ्रमिष्ट झाल्यामुळे १८११ पासून १८२० पर्यंत युवराजाने त्याच्या नावाने कारभार पाहिला. नऊ वर्षांचा हा तुकडा. पण जेन ऑस्टिनच्या साऱ्या कादंबऱ्या याच तुकड्यात प्रसिद्ध झाल्या, आणि शंभरएक वर्षांनी जॉर्जेट हेयर या लेखिकेने याच तुकड्यावर आपले राज्य उभारले. हेयरबाई १९०२ साली जन्मल्या आणि १९७४ साली वारल्या. पोशाख, बग्ग्या, बाजारभाव, त्या वेळची बोली यांची टिपणे त्यांनी वह्यांमागून वह्यांत करून ठेवली होती. त्यांची पहिली कादंबरी ‘द ब्लॅक मॉथ’ १९२१ साली निघाली, तेव्हा त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. आणि ती मुळात आजारी धाकट्या भावाचे मन रमावे म्हणून रचलेली गोष्ट होती. आपल्या भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो. येथे बहिणीने भावाला कादंबरी घातली! तेव्हा कोणा एकासाठी, त्याची आवड ओळखून गोष्ट सांगणे ही काही या कथाभिशीची नवी टूम नव्हे. हेयरबाईंचा संसारच त्या भांडवलावर सुरू झाला.

त्याच्याही मागे जाता येते. जेन ऑस्टिनच्या भाच्याने १८७० साली आपल्या आत्याच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. घरातली मुले विचारीत, आणि आत्या आपल्या पात्रांचे पुढे काय झाले ते सांगत असे, असे त्यात आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या किटी बेनेटचे लग्न पेम्बर्लीजवळच्या एका पाद्र्याशी झाले, मेरीच्या वाट्याला मात्र मावशीच्या यजमानांच्या कचेरीतल्या कारकुनापेक्षा मोठे स्थळ आले नाही. ‘एमा’मध्ये फ्रँक चर्चिलने खेळातल्या अक्षरांचा एक शब्द जुळवून जेन फेअरफॅक्सपुढे सरकवला आणि तिने तो न वाचताच उधळून लावला, तो शब्द क्षमेचा होता, हे पुस्तकात नाही, घरच्यांनाच ठाऊक होते. छापलेली कादंबरी पुरी झाली तरी विचारणाऱ्याची भूक पुरी होत नाही, आणि खुद्द लेखिकेलाही त्यात वावगे वाटत नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता हेयरबाईंच्या कादंबऱ्यांपुढे या मागण्या ठेवून पाहू. ‘कोटिलियन’ ही १९५३ सालची कादंबरी घ्या. किटी चेरिंग ही एका कंजूष म्हाताऱ्याने सांभाळलेली मुलगी. आपल्या नातवंडभावांपैकी कोणाशी तिने लग्न केले तरच तिला इस्टेट मिळेल, असा म्हाताऱ्याचा हट्ट. किटीचा डोळा देखण्या, रुबाबदार जॅकवर. त्याला डिवचण्यासाठी आणि लंडन पाहायला मिळावे म्हणून ती साध्याभोळ्या फ्रेडीला खोटा वाङ्निश्चय करायला लावते. फ्रेडीला पुस्तकी अक्कल बेताची. ग्रीसहून आणलेली जगप्रसिद्ध शिल्पे पाहून त्याला एवढेच वाटते की, डोकी आणि हातपाय नसलेले हे पुतळे दाखवून लोकांना चक्क फसवले जात आहे. पण कोट कसा बेतावा, कोणाला कोठे न्यावे, अडलेल्या माणसाची अडचण गाजावाजा न करता कशी निवारावी, हे त्याला नेमके कळते. शेवटी किटी त्यालाच वरते.

या कादंबरीबद्दल एक मागणी अशी करता येते: फ्रेडी हवा, पण जसा आहे तसाच, त्याला शूर किंवा हुशार करू नका. वरवर पाहता हा बालहट्ट वाटेल. पण विचार केला तर कादंबरीचे सारे मर्म त्यात आले आहे. कोटिलियन हा जोडीदार बदलत जाण्याचा नाच. नाचता नाचता वाचकाच्याही हातातला नायक बदलला जातो, आणि रुबाबाऐवजी सुजाणपणा आपल्या हाती येतो. फ्रेडीला शूर केला की हा बदल पुसून जातो. जे सांगायला टीकाकाराला चार पाने लागतात ते हे ‘नको’ एका ओळीत सांगते.

याच्या उलट मागणीही पाहावी. ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ ही १९६१ सालची. ॲडम डेव्हरिल लढाईवरून परततो तो वडिलांची सरदारकी आणि त्यांचे कर्ज यांचा धनी होऊन. प्रेम सुंदर ज्यूलियावर; लग्न मात्र धनाढ्य व्यापाऱ्याच्या साध्यासुध्या, जरा स्थूल मुलीशी, जेनीशी. जेनीचे त्याच्यावर आधीपासूनच मनोमन प्रेम आहे. ते ती त्याला कळू देत नाही. वॉटर्लूच्या वेळी सारे शहर घाबरून कर्जरोखे विकत असता ॲडम आपल्या जुन्या सेनापतीवर भरवसा ठेवून ते विकत घेतो आणि स्वतःच्या पायांवर उभा राहतो. पण हृदयाच्या बाबतीत असा चमत्कार घडत नाही. जेनीशी त्याचे जुळते ते सवयीने, सोबतीने, कृतज्ञतेने. शेवटी त्याला उमगते की, हेही प्रेमच आहे. मात्र ज्यूलियावर होते ते नव्हे.

ॲडम जेनीच्या प्रेमात वेडा झालेला दाखवा, अशी मागणी कोणालाही सुचेल. मलाही ती सुचली आहे. वाचताना जेनीसाठी जीव तुटतो. तरीही मी तिला वाईट मागणी म्हणेन. ती पुस्तकाला त्याच्या सत्याची किंमत परत मागते. पण याच पुस्तकाबद्दल दुसरीही मागणी संभवते: नवऱ्याच्या आवडीनिवडी एकेक करून शिकत असता जेनीच्या मनात काय चालले होते, ते लिहा. ही मागणी पुस्तकाच्या काळजाला हात घालते. हेयरबाईंनी कथा मुख्यतः ॲडमच्या अंगाने सांगितली. कादंबरीभर जेनी त्याचे हवे-नको पाहते, आणि तिचे हवे-नको कोणी विचारीत नाही. पुष्कळदा लेखिकाही नाही. आपल्यापैकी किती घरांत हीच कादंबरी कोणी न लिहिता घडत आली आहे! दूरदेशीची एक अनोळखी वाचक पत्र लिहून जेनीची विचारपूस करते, तेव्हा ती केवळ करमणूक मागत नसते. आपल्याकडे बायकांनी जात्यावर बसून सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाइल्या, त्यामागेही हीच विचारपूस होती.

चांगल्या-वाईटाची माझी खूण येथे स्पष्ट व्हावी. पुस्तकाला ठाऊक आहे पण त्याने बोलून दाखवले नाही, ते जी मागणी बोलायला लावते ती चांगली. पुस्तकाने जे कष्टाने कमावले ते जी पुसायला सांगते ती वाईट. गोडावर आणखी साखर पेरायला सांगणाऱ्या मागण्या यांच्यामध्ये कोठेतरी बसतात. सणाच्या दिवशी त्यांना नावे ठेवू नयेत.

यावर एक आक्षेप येईल. मागणी तसा पुरवठा हा बाजाराचा न्याय. तो कलेला लावल्यास लेखक हलवाई होईल. आक्षेप खोटा नाही. पण या देवघेवीत एक संकेत आवर्जून पाळतात: पत्रातले तपशील ऐच्छिक असतात. कोणती पात्रे हवीत आणि काय मुळीच नको, एवढे बंधन. बाकी लेखक मुखत्यार. दुसरा आक्षेप मूळ लेखकाच्या हक्काचा. स्वतः हेयरबाईंनी १९५० साली आपली नावे आणि तपशील दुसऱ्या एका लोकप्रिय कादंबरीलेखिकेने उचलल्याचे ध्यानी येताच वकिलाचा सल्ला घेतला होता. त्यांना चाहत्यांच्या कथा रुचल्या असत्या असे मी म्हणणार नाही. पण चोरी नाव लपवून आणि विकण्यासाठी केली जाते. येथे मूळ नाव मस्तकी मिरवले जाते आणि विकायचे काहीच नसते. शेजारून फराळाचे ताट आले तर ते रिकामे परत करू नये, ही आपली रीत. तसे हे ताट परत करणे आहे.

ताटात एखादा कुजका दाणा असला तर? तोही आहे. ‘द ग्रँड सोफी’ ही १९५० सालची कादंबरी हेयरबाईंच्या सर्वांत लाडक्या कादंबऱ्यांत मोडते. तीत सोफी आतेभावाला कर्जातून सोडवायला पिस्तूल घेऊन एका ज्यू सावकाराच्या घरी जाते. सोफीचे धैर्य पाहून हसू येते, आणि सावकाराचे वर्णन वाचून मान खाली जाते. ज्यूंच्या भयानक संहाराला तेव्हा पाच वर्षेही धड उलटली नव्हती. अलीकडे, २०२३ साली, एका अमेरिकन आवृत्तीत या प्रसंगातले काही शब्द बदलण्यात आले. मला तो मार्ग पटत नाही. शब्द बदलल्याने लेखिकेचा दोष झाकतो, दूर होत नाही. त्यापेक्षा ‘सोफी हवी, पण हा तुच्छभाव नको’ असे स्वच्छ सांगून शेजारी दुसरी कथा मागणारा वाचक अधिक प्रामाणिक वाटतो. मूळ पान जागच्या जागी राहते, आणि त्यावरचा निषेधही.

हेयरबाईंच्या जगात एक मौन आपल्याला विशेष जाणवावे असे आहे. या दिवाणखान्यांतला पैसा येतो कोठून? ‘ब्लॅक शीप’ या १९६६ सालच्या कादंबरीचा नायक माइल्स कॅल्व्हर्ली तरुणपणीच्या एका लफड्यापायी घरच्यांनी हिंदुस्थानात धाडलेला. वीसएक वर्षांनी तो गबर होऊन परततो, आणि बाथ शहरात ॲबिगेलला जिंकतो. मोठा मिश्कील, दिलखुलास माणूस; मलाही तो आवडतो. पण ती वीस वर्षे कादंबरीत जवळजवळ कोरीच आहेत. लंडनमध्ये नाच रंगत होते त्याच वर्षांत, नोव्हेंबर १८१७ मध्ये, खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. हेयरबाईंच्या ‘ॲन इन्फमस आर्मी’मध्ये वॉटर्लूवर तळपणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन आपल्याला त्याआधीच भेटला आहे, १८०३ साली असईच्या रणात. त्या कोऱ्या पानांवर आपलेही काही लिहिलेले असू शकते.

म्हणून मीही एक पत्र लिहून टाकते.

प्रिय लेखक, मला माइल्स कॅल्व्हर्लीच्या हिंदुस्थानातल्या वर्षांची एक कथा हवी आहे. ती त्याच्या पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या एखाद्या इथल्या कारकुनाने सांगितलेली असावी. साहेब विनोदी आहे, पगार वेळेवर देतो, आणि तरीही वहीतल्या काही रकमा लिहिताना हात अडखळतो, असा तो कारकून. माइल्सला राक्षस करू नका. तो जसा आहे तसाच मोहक राहू द्या, म्हणजे अडखळणे खरे वाटेल. हत्ती, गारुडी आणि महाराजांचे जडजवाहीर मुळीच नको. कारकुनाच्या बायकोला दोन-चार वाक्ये तरी बोलू द्यावीत. हे सारे ऐच्छिक आहे. आपल्या मनाला येईल तसे लिहावे. दिवाळीपर्यंत पोचली तर आनंद. नाही तर नाताळ आहेच.