‘स्मृतिचित्रे’तील सवतीवाचूनचा मत्सर

दांपत्यजीवनातील मत्सर हा मराठी विनोदाचा जुना आधार आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळा’त (1916) फाल्गुनराव व कृत्तिका परस्परांविषयी संशय घेतात, तो निराधार असल्याचे प्रेक्षकांस ठाऊक असते आणि गैरसमज फिटताच नाटक आटोपते. लक्ष्मीबाई टिळकांच्या, 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’तील विनोद निराळ्या जातीचा आहे. येथे पत्नीची धास्ती साधार आहे.

नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यास वाहून घेतले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. 1866 च्या कायद्यान्वये ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस, धर्मांतरामुळे सहवास नाकारणाऱ्या जोडीदारापासून न्यायालयामार्फत मुक्त होऊन पुनर्विवाह करता येत असे. स्थान गमावण्याचे भय म्हणजे केवळ मनाचा खेळ नव्हता.

तथापि या संसारात सवत नाही. पतीवर हक्क सांगतात ते काव्य, औदार्य आणि ईश्वराचा शोध. सवतीशी भांडता येते; यांच्याशी भांडावे कसे? या पेचातूनच ‘स्मृतिचित्रे’तील विनोद उद्भवतो. टिळकांचा तापटपणा व व्यवहारशून्यता लेखिका भाष्य न करता प्रसंगरूपाने मांडते. स्वतःचे अज्ञान आणि हट्ट मात्र मोकळेपणाने हास्यास्पद करते. पतीकडे परतल्यावरही पाळलेल्या सोवळ्याची हकीकत याच वृत्तीने येते. पुढे, 1900 मध्ये, त्यांनी स्वतः दीक्षा घेतली.

अशा विनोदाने पतीच्या दोषांवर पांघरूण पडते, असा आक्षेप संभवतो. तो पूर्णपणे ग्राह्य नाही. प्रसंग हसत सांगितला, तरी त्यात सोसलेल्या दुःखाचा तपशील लेखिका गाळत नाही. दोषाचा निर्णय वाचकानेच करावयाचा असतो. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. टिळकांचे निधन 1919 मध्ये झाले, ग्रंथ त्यानंतरचा. भयाचा शेवट ठाऊक असलेल्या वृद्ध स्त्रीचे हे हास्य आहे. त्यावरून 1895 मधील तरुण पत्नीही हसली असेल, असे अनुमान काढणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. फाल्गुनरावाचा संशय खोटा म्हणून आपण हसतो. लक्ष्मीबाईंचे भय खरे होते, आणि त्या त्यातून निभावल्या, म्हणून हसता येते.