लहान गांवाचें चरित्र : सोनपेठच्या निमित्तानें

व्यक्तीचें चरित्र कसें लिहावें, याविषयीं मराठींत बरीच चर्चा होऊन गेली आहे. गांवाचें चरित्र कसें लिहावें, हा प्रश्न मात्र आमच्या टीकाकारांनीं फारसा मनावर घेतलेला दिसत नाहीं. कोणी आपल्या गांवाची हकीकत लिहिली, तर तिचें कौतुक गांवकऱ्यांनीं करावें, संशोधकांनीं तींतील एखादी सनद उचलून घ्यावी, आणि साहित्याच्या पंक्तींत तिचें पान मांडूंच नये, अशी वहिवाट पडली आहे. ही वहिवाट आम्हांस मान्य नाहीं. ग्रामवर्णन हा वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकार असून त्यालाही गुणदोषांची कसोटी लावतां येते, हें येथें दाखवावें असा आमचा विचार आहे.

मोठ्या शहराचें वर्णन करणाऱ्यास विषयच तारून नेतो. पैठणचा इतिहास लिहिणारा लेखक सामान्य असला, तरी सातवाहनांपासून एकनाथांपर्यंतची सामग्री त्याच्या हातीं आयती असते. लेखकाची खरी परीक्षा लहान गांवापाशीं होते. म्हणून आम्ही उदाहरणादाखल सोनपेठ घेतों. परभणी जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण वाण नदीच्या कांठीं वसलें आहे. बालाघाटच्या डोंगरांतून निघालेली ही नदी परळीच्या बाजूनें उतरून गोदावरीस मिळते. वाणीसंगम या गांवाचें नांवच त्या मीलनाची खूण सांगतें. एका अंगास वैजनाथाची परळी, दुसऱ्या अंगास जनाबाईचें गंगाखेड, गोदेच्या पलीकडे पाथरी. अशा तीन नामांकित स्थळांच्या मध्यें सोनपेठ आहे. शेजाऱ्यांच्या कीर्तीची सावली त्याच्यावर पडली, आणि त्याचें स्वतःचें मुख कोणी न्याहाळून पाहिलें नाहीं.

अशा गांवाविषयीं लिहूं पाहणाऱ्यापुढें कोणते आदर्श आहेत? पहिला आदर्श सरकारी गॅझेटिअरचा. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालीं निघालेले मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड परिश्रमाचे नमुने आहेत, हें कोणीही कबूल करील. भूमि, उत्पन्न, लोक, शेती, व्यापार, इतिहास, न्याय, शिक्षण अशा ठराविक क्रमानें जिल्हा सांगून झाला, म्हणजे अखेरच्या प्रकरणांत एकेक स्थळ वर्णानुक्रमानें येतें. येथेंच या पद्धतीचें मर्म आणि व्यंग दोन्ही आहेत. माहिती शोधणाऱ्यास ती सांपडते. परंतु गांवाचा शेजार तुटतो. अक्षरांच्या रांगेंत जो शेजारी येतो तो भूमीवरचा शेजारी नसतो. वाण आणि गोदावरी यांच्यामुळें जी गांवें एकमेकांशीं बांधलीं गेलीं, तीं कोशांत निरनिराळ्या पानांवर जाऊन पडतात. शिवाय त्या मालेंत निजामाचा मुलूख नव्हता. मराठवाड्याच्या वांट्यास त्या काळीं हैदराबाद संस्थानासंबंधींचीं संक्षिप्त वर्णनें तेवढीं आलीं. ज्या गांवास नाशिक किंवा सातारा जिल्ह्यांत एक परिच्छेद मिळाला असता, त्यास येथें एक ओळही मिळण्याची शाश्वति नव्हती.

दुसरा आदर्श आपल्या घरचा आणि सहा शतकांहून जुना आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा केवळ पंथीय ग्रंथ समजून जे बाजूस ठेवतात, ते मराठी स्थलवर्णनाचा उगमच विसरतात. श्रीचक्रधरांनीं जेथें जेथें वास केला तें तें स्थळ कोणत्या दिशेस, देऊळ कोणत्या मुखाचें, कोणत्या जागेपासून किती अंतरावर, हें ती पोथी ज्या काटेकोरपणानें सांगते, त्यापुढें आजच्या कित्येक प्रवासवर्णनांनीं मान खालीं घालावी. तींत अलंकार नाहीं, उसासे नाहींत. भक्ति आहे, पण ती मोजमापाच्या आड येत नाहीं, उलट मोजमापास प्रवृत्त करते. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. स्वामींचें आसन जेथें झालें तेथें तिचा प्रकाश पडतो. पलीकडच्या शिवाराशीं तिला कर्तव्य नाहीं.

तिसरा आदर्श त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’. 1915 सालीं प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ महसूल खात्यांतील नोकरींत गांवें पायाखालीं घातलेल्या माणसाचा आहे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, फिरस्ते यांचे व्यवहार, त्यांतील कुरबुरी आणि लबाड्या आत्रे नांवानिशीं व मापानिशीं सांगतात. गांव म्हणजे सुखशांतीचें आगर ही कवींची समजूत त्यांनीं निष्ठुरपणें मोडली. तथापि त्यांचें गांव हें सर्व गांवांचें मिळून एक गांव आहे. तें इंग्रजी अमलांतील आहे, आणि त्याला स्वतःची नदी नाहीं, स्वतःचें नांव नाहीं. सोनपेठचा मनुष्य ‘गांवगाडा’ वाचून आपलीं बलुतीं ओळखील, पण आपली वेस त्यांत त्यास दिसणार नाहीं.

उरतो तो चौथा प्रकार, म्हणजे जत्रेच्या किंवा समारंभाच्या निमित्तानें निघणारीं गौरवपर पुस्तकें. यांत गांवाचा आरंभ हटकून पुराणांत होतो आणि शेवट विद्यमान पुढाऱ्यांच्या छायाचित्रांत होतो; मधलीं सातआठशें वर्षें कोठें गेलीं हें कोणी विचारीत नाहीं. गांवावरील प्रेमाविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु प्रेम हें अज्ञानाचें समर्थन होऊं शकत नाहीं.

नांवाचेंच उदाहरण घ्या. ‘सोन’ या पदावरून सुवर्णाच्या कथा रचणें सोपें आहे. परंतु ज्यावर पाय रोवून उभें राहतां येईल असें पद ‘पेठ’ हें आहे. खेडें आपोआप वाढतें. पेठ बहुधा वसवावी लागते. ती वसविण्यासाठीं कौल द्यावा लागतो, उदमी लोकांस कांहीं वर्षें जकातींत सूट द्यावी लागते, शेटे-महाजनांचें वतन उभें राहतें. अर्थात् नांवाच्या या उत्तरार्धांत व्यापाराचा, वाटांचा आणि राजसत्तेचा प्रश्न दडला आहे. चांगला लेखक सोन्याची दंतकथा नोंदून ठेवील, आणि शोध मात्र पेठेचा करील.

इतिहासाविषयींही हाच विवेक हवा. या टापूवरून किती सत्ता गेल्या! देवगिरीचे यादव, बहामनी, वऱ्हाडची इमादशाही. पाथरीवरून इमादशाहीचें अहमदनगरच्या निजामशाहीशीं वैर पडलें, कारण निजामशाहीच्या संस्थापकाचें मूळ घराणें पाथरीचें. अकबराच्या काळीं पाथरी हें वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार होतें. 1724 नंतर आसफजाही अंमल बसला. 17 सप्टेंबर 1948 रोजीं तो संपला. 1956 सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि 1960 सालीं महाराष्ट्रांत. ही यादी कोणत्याही शाळकरी पुस्तकांत मिळेल. लहान गांवाच्या चरित्रकारानें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : प्रत्येक बदलानें गांवांत काय बदललें? दप्तराची भाषा कोणती झाली? हैदराबादेंत 1884 च्या सुमारास फारसीच्या जागीं उर्दू आली. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या तोंडीं मराठी, त्याच्या जमिनीचा कागद त्यास वाचतां येत नव्हता. जमीन दिवाणी मुलखांतली कीं जहागिरींतली, यावर त्याचें सुखदुःख अवलंबून असे. 1949 सालीं जहागिरी बरखास्त झाल्या, तेव्हां त्याच्या दारांत कोणता फरक पडला? हीं उत्तरें मोडी, फारसी आणि उर्दू यांच्या आड आहेत, आणि त्यांतला मोठा भाग आतां दुसऱ्या राज्याची राजधानी झालेल्या हैदराबादेंत आहे. केवळ मराठी जाणणाऱ्या लेखकास मराठवाड्याच्या गांवाचा इतिहास अर्धाच दिसणार.

भूगोल तर आजही गांवावर राज्य करीत आहे. सोनपेठ तालुक्यांतील खडका येथें गोदावरीवर बंधारा आहे. त्याचें पाणी परळीच्या औष्णिक वीजकेंद्रास जातें. 2013 च्या दुष्काळांत पाणी सरलें आणि तें केंद्र बंद ठेवावें लागलें. एका लहान तालुक्याच्या नदीपात्राचा दूरच्या शहरांतील दिव्यांशीं असा संबंध आहे. नदीचें वर्णन करतांना ‘खळाळणारी’ हें विशेषण वापरून मोकळा होणारा लेखक ही गोष्ट हमखास गमावतो.

यूरोपांतील एका लहान राष्ट्राचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या चेकोस्लोव्हाकियानें 1920 च्या जानेवारींत कायदा करून प्रत्येक गांवास स्मरणवही ठेवण्यास सांगितलें. पुढें तें राष्ट्र दुभंगलें, तरी चेक प्रजासत्ताकानें 2006 सालीं नवा कायदा करून ही प्रथा चालू ठेविली. गांवच्या नागरिकास ती वही पाहण्याचा आणि तींत दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार आहे. नवीन राष्ट्राला पहिल्या दोन वर्षांतच खेड्यांच्या आठवणी जपाव्याशा वाटल्या, ही गोष्ट आमच्या मनांत घर करून राहते. कायद्यानें उत्तम गद्य निर्माण होत नाहीं, हें खरें. बहुतेक वह्या रुक्षच असणार. पण रुक्ष नोंद असली तर उद्यां एखादा आत्रे तिच्यांतून ग्रंथ घडवील. नोंदच नसली तर त्याची प्रतिभा वांझ ठरेल.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. ग्रामवर्णनानें गॅझेटिअरची व्याप्ति, स्थानपोथीचें मोजमाप आणि गांवगाड्याचा निर्भीडपणा हे तीनही गुण एकत्र आणावे, आणि गौरवग्रंथांपासून गांवावरील प्रेम तेवढें घ्यावें. सोनपेठचें असें चरित्र लिहिणारा बाहेरून येईल ही आशा व्यर्थ आहे. 1948 पूर्वीचा काळ शहाण्या वयांत पाहिलेलीं माणसें आतां बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत, आणि मोडी वाचणारे डोळेही. त्यांच्यापाशीं जाऊन बसण्यास पुणें-मुंबईच्या मंडळांची परवानगी लागत नाहीं. लागते ती एक कोरी वही, आणि ऐकलेलें तसेंच उतरून घेण्याची सचोटी. तिचें पहिलें पान ज्या दिवशीं लिहिलें जाईल, त्या दिवशीं त्या पानाची परीक्षा आम्ही कादंबरीइतक्याच गांभीर्यानें करूं.