‘कॅनिबल टूर्स’ : पर्यटकांना हसून झाल्यावर

क्षेत्रकार्याला निघण्याआधी कुठला माहितीपट बघू, असं ज्युनियर विचारतात. मी ‘कॅनिबल टूर्स’ सांगते. कॅमेरा घेऊन जाणार असाल तर दोनदा बघा. पहिल्यांदा बघताना जे कळतं ते अर्धवट असतं, म्हणून.

डेनिस ओ’रूर्क या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा हा १९८८ चा माहितीपट. पापुआ न्यू गिनीमधल्या सेपिक नदीवरून युरोपीय आणि अमेरिकन पर्यटकांची आलिशान बोट जाते, गावागावांत थांबते. पर्यटक उतरतात, फोटो काढतात, कोरीव मुखवट्यांसाठी घासाघीस करतात आणि पुन्हा बोटीवर चढतात. कथानक म्हणाल तर एवढंच.

पहिल्या वेळी आपण हसतो. कॅमेरे अडकवून फिरणारा एक जर्मन गृहस्थ गावकऱ्यांना विचारतो, पूर्वी माणसांची डोकी कापायचे ती जागा कुठली? जागा कळल्यावर तिथे फोटो. न्यू गिनीचा हा भाग १८८४ ते १९१४ जर्मनीचीच वसाहत होता, हे माहीत असलं की हसू जरा अडकतं. दुसरीकडे एक गावकरी सांगतो : पहिले जर्मन आले तेव्हा आमच्या जुन्या लोकांना वाटलं, आपले मेलेले पूर्वज परत आले. आता पर्यटक दिसले की आम्ही गमतीनं तेच म्हणतो. म्हणजे पाहुणा यांना भूतकाळातली माणसं समजतोय आणि हे त्याला भूत म्हणतायत!

बरेच जण इथेच थांबतात. ‘असे पर्यटक होऊ नका, आधी परवानगी घ्या’ एवढा धडा घेतात आणि संमतीपत्राचा नमुना शोधायला लागतात. मीही तेच केलं होतं. दुसऱ्यांदा बघताना गावकरी काय बोलतात ते वहीत उतरवून काढलं, तेव्हा वेगळंच दिसलं. सगळ्यात तिखट राग फोटोवर नाही, व्यवहारावर आहे. एक बाई विकायला वस्तू मांडून बसली आहे आणि चिडून बोलतेय : तुमच्याकडे पैसा आहे, आमच्याकडे नाही, तुम्ही येता, नुसतं बघता आणि जाता. एक म्हातारा म्हणतो, आम्ही शहरातल्या दुकानात जातो तेव्हा सांगितलेली किंमत मुकाट्यानं देतो, मग हे आमच्याशी घासाघीस का करतात? पैसे मिळाले असते तर त्या बोटीनं आम्हीही फिरलो असतो.

हे नीट ऐका. बघण्याचा हक्क फक्त एका बाजूला का, असा तो प्रश्न आहे. ‘फोटो काढू का?’ असं नम्रपणे विचारल्यानं तो सुटत नाही. गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत, सलग, तर्कासकट बोलू दिलं हे ओ’रूर्कचं मोठं काम, आणि या माहितीपटाची ताकद तिथेच आहे.

पण माझा एक आक्षेप आहे. एका प्रसंगात एक तरुण ओ’रूर्कच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोलतोय आणि मागून एक पर्यटक बाई येऊन त्याचा फोटो काढते. आपण तिच्यावर वैतागतो. पण त्या तरुणासमोर दुसराही कॅमेरा आहे, आणि त्यातूनच आपण बघतोय. ओ’रूर्कचा आवाज ऐकू येतो, तो स्वतः मात्र चौकटीबाहेर राहतो. शेवटी पर्यटक तोंडं रंगवून बोटीवर नाचतात आणि वर मोझार्टचं संगीत वाजतं. आपण काय समजायचं ते त्या संगीतानं ठरवून टाकलेलं असतं. चित्रण करू देणं ही एक संमती. संकलनात आपलं काय होणार याची संमती वेगळी. पर्यटकांच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट मला कुठे दिसली नाही. गावकऱ्यांचा आदर राखणारा कॅमेरा पर्यटकांपुढे तेवढाच निर्दय होतो. आदर हा आपल्याला आवडणाऱ्या लोकांपुरता ठेवायचा असतो का?

इथे ज्याँ रूशचा किस्सा आठवतो. १९५० च्या दशकात त्यानं नायजरमधल्या पाणघोड्याच्या शिकारीवरची फिल्म त्या शिकाऱ्यांनाच नेऊन दाखवली. ते म्हणाले, शिकार चालू असताना संगीत कसं? आवाजानं पाणघोडा पळून जाईल की! रूशनं ते संगीत काढून टाकलं. मोझार्टबद्दल असं कुणी विचारलं असतं तर?

तर तुमच्या संशोधन आराखड्यात ‘नैतिक बाबी’ असा रकाना असतो, तो भरताना नुसतं ‘संमती घेतली जाईल’ लिहू नका. चित्रण झाल्यावर ते कुणाला, कुठे, कधी दाखवणार? दाखवल्यावर कुणी ‘हे काढा’ म्हणालं तर काढणार का? त्या माणसाचा जो वेळ गेला, त्याचं काय? आषाढी वारीचंच घ्या. वाटेत कॅमेऱ्यांना तोटा नसतो, पण फुगडी घालताना टिपलेल्या किती मावशींपर्यंत तो फोटो पोचतो? मी माझ्या आराखड्यात ‘फिल्म परत नेऊन दाखवणं’ यासाठी वेगळा प्रवासखर्च धरलाय. समितीत विचारलं, हा दुसरा प्रवास कशाला? उत्तर म्हणून मी रूशच्या पाणघोड्याची गोष्ट सांगितली.