भ्रमणध्वनीवरील ई-मेल आणि प्रवेशाची नवी पद्धत : महाड-पोलादपूरच्या संदर्भात एक चिकित्सा

भ्रमणध्वनीवर ई-मेल उघडण्याच्या जुन्या, ‘बेसिक ऑथेंटिकेशन’ या पद्धतीत परवलीचा शब्द अ‍ॅपमध्येच साठविला जातो व प्रत्येक जोडणीच्या वेळी सर्व्हरकडे पाठविला जातो. त्याला दिलेले बेस६४ हे रूप म्हणजे कूटलेखन नव्हे. संरक्षण असते ते केवळ भोवतीच्या कूटबद्ध वाहिनीचे. दुसऱ्या पडताळणीला येथे जागाच नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओऑथ २.०’ या मानकावर आधारलेल्या नव्या पद्धतीत हा शब्द सेवादात्याच्याच पानावर दिला जातो. अ‍ॅपच्या हाती पडते ते केव्हाही रद्द करता येणारे टोकन. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, तर मायक्रोसॉफ्टने ‘एक्सचेंज ऑनलाइन’साठी १ ऑक्टोबर २०२२ पासून जुना मार्ग बंद करण्यास आरंभ केला. हे स्थित्यंतर योग्यच होते. किंबहुना ते उशिरा झाले.

तथापि, प्रत्येकाजवळ स्वतःचा हँडसेट आहे आणि त्यास अखंड संपर्क आहे, हे या व्यवस्थेचे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले; त्याच दिवशी तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. वीज आणि दूरसंपर्क दोन्ही खंडित झाले. अशा प्रसंगी एसएमएसने येणाऱ्या संकेतांकावर विसंबलेली पडताळणी निरुपयोगी ठरते. येथे एक गल्लत नेहमी होते : एसएमएस म्हणजेच नवी पद्धत नव्हे. ऑथेंटिकेटर अ‍ॅप हँडसेटमधील घड्याळ व गुप्त किल्ली यांवरून संकेतांक तयार करते. त्यास नेटवर्क लागत नाही. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावांसाठी हा भेद निर्णायक आहे.

दुसरी अडचण कार्यालयीन आहे. जेथे एकच पत्ता प्राचार्य, अधीक्षक व लिपिक मिळून हाताळतात, तेथे पडताळणी एखाद्याच्याच क्रमांकाशी बांधली जाते, आणि तो सेवानिवृत्त झाला की संस्थेचा पत्रव्यवहार त्याच्या खिशात राहतो! त्यापेक्षा प्रत्येकास स्वतंत्र खाते देऊन सामाईक पेटीचे अधिकार द्यावेत. हँडसेट पुरात गेल्यास गुगलचे आठ अंकी राखीव संकेतांक उपयोगी पडतात. मात्र त्यांचा छापील कागद तळमजल्यावरील कपाटात असता कामा नये.