‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

कॉलेजात असताना पर्यावरणदिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्या भाषणाचा कागद परवा जुन्या फायलीत सापडला. दोन पानांत ‘आपण’ हा शब्द एकोणीस वेळा आलाय. आपण झाडं तोडली, आपण नद्या नासवल्या, चला, आपण कापडी पिशवी वापरू या. परीक्षक खूश झाले, मी ट्रॉफी घेतली आणि एसटीने घरी आले.

आता मोबाइल उघडला की तेच भाषण पार्श्वसंगीतासह ऐकू येतं. नळ बंद करा, पंखा बंद करा, छोटे बदल करा, पृथ्वी वाचवा. हा एक लेखनप्रकारच झालाय, तेव्हा त्याची समीक्षा करायला हरकत नसावी. त्यातले सल्ले चुकीचे नाहीत. मला खटकतं ते त्याचं सर्वनाम.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही जेवलो’ म्हटलं तर ऐकणारा उपाशी असू शकतो. ‘आपण जेवू या’ म्हटलं की त्याचंही ताट वाढावं लागतं. हिंदीतल्या ‘हम’ला किंवा इंग्रजीतल्या ‘वी’ला हा फरक एका शब्दात दाखवता येत नाही. म्हणूनच ‘आपण नद्या नासवल्या’ हे वाक्य मराठीत जास्त जबाबदारीने उच्चारायला हवं. त्यात ज्याला पंगतीला बोलावलंच नव्हतं, त्याच्याही नावावर खर्च टाकलेला असतो.

हे माझ्या लक्षात आलं ते एक सरकारी अहवाल वाचताना. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला तो सादर केला आणि २०१२मध्ये तो लोकांसमोर आला. आपल्याकडे त्याच्यावर वाद खूप झाले, वाचन कमी झालं. मीही तो उघडला तो रत्नागिरीबद्दल काय म्हटलंय एवढंच बघायला. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीबद्दलच्या मजकुरात दोन आकडे आहेत. कारखान्यांमुळे मिळालेला रोजगार सुमारे ११ हजार. दाभोळ खाडीतल्या प्रदूषणामुळे मासे घटून ज्यांचा धंदा बुडाला, असे मच्छीमार सुमारे २० हजार.

या खाडीला वाशिष्ठी मिळते, जगबुडी मिळते. याच जगबुडीच्या काठावर श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’ वसवले. पेंडशांमुळे माझ्यासारखीला ती नदी खोतांची म्हणून माहीत होती. तिच्या पाण्यावर जाळं टाकून जगणारी इतकी माणसं आहेत, हे मला एका समितीच्या रुक्ष गद्याने सांगितलं. आता त्या वीस हजारांपैकी एकासमोर उभं राहून माझं भाषण म्हणून बघा. ‘आपण नद्या नासवल्या.’ तो विचारेल, ‘आपण म्हंजे कोण गो?’ माझ्याकडे उत्तर नाही.

अहवालातला तिसरा आकडा मला अजून छळतो. २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात तब्बल १९१ दिवस मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली जमावबंदी लागू होती. मी तेव्हा शाळेत होते. शाळेच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’ लिहिलेलं होतं, ते आम्ही रोज वाचायचो. त्याच दिवसांत पाण्याबद्दल बोलायला मोठ्या माणसांनी एकत्र जमणं मात्र बेकायदा ठरू शकत होतं. रोजच्या सवयींचे संदेश एकेकट्या माणसाशी बोलतात, म्हणून ते कुणालाच अडचणीचे वाटत नाहीत.

अहवाल निर्दोष आहे असं नाही. त्याचा सगळा भर ग्रामसभांनी ठरवावं यावर, पण नकाशा मात्र साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांचा. कोकणातला माणूस वाडी ओळखतो, पऱ्या ओळखतो, देवराई ओळखतो. चौकोनात त्याला आपलं घर सापडत नाही. अंतिम सीमा स्थानिकांशी बोलून ठरवा, असं समितीने सुचवलं होतं. अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे जावा, हा गाडगीळांचा आग्रहही होता. तरी मूळ मजकूर इंग्रजीत राहिला आणि गावात आधी पोचल्या त्या अफवा. ज्या ‘आपण’साठी तो लिहिला, त्या ‘आपण’ला तो वाचताच आला नाही.

पण दोष अहवालावर ढकलून मला सुटता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या १५ ऑगस्टला मी भाट्याच्या किनाऱ्यावर मैत्रिणींबरोबर प्लास्टिक गोळा करत होते. रील छान झाली. त्याच सकाळी आमच्या गावी ग्रामसभा होती. मतदारयादीत माझं नाव तिथे आहे. विषयपत्रिकेत सड्यावरच्या चिरेखाणीचा विषय होता. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा. तेवढीही माणसं जमली नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. पुढच्या वेळी जे मोजके लोक बसले, त्यांनी ठराव केला. काकाने फोनवर सांगितलं, ‘झाला मंजूर. तू येणार होतीस ना?’

सड्यावर पडलेला पाऊस कातळात मुरतो आणि खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतो. आमची विहीर त्या सड्याच्या खालीच आहे. त्या दिवशी मी किनाऱ्यावरून दोन पोती कचरा उचलला, हे खरं. घरच्या विहिरीच्या पाण्याचा निर्णय मी दुसऱ्यांवर सोडला, हेही तेवढंच खरं. दोन्ही माझ्या रोजच्यासारख्याच निवडी होत्या. एकीचा व्हिडिओ निघाला, दुसरीची नोंद फक्त इतिवृत्तात आहे, तीही गैरहजेरीची.

कापडी पिशवी मी आजही वापरते. बाजारात मावशी बांगडे मोजून त्यात टाकतात, बरं वाटतं. ते जुनं भाषण मात्र आता दुरुस्त करायला घेतलंय. जिथे जिथे ‘आपण’ आहे, तिथे नाव लिहायचा प्रयत्न करते. कुणी तोडली, कुणी परवानगी दिली, कुणाला विचारलं नाही. एकोणीसपैकी बारा ठिकाणी नाव सापडलं. त्यातल्या तीन ठिकाणी ते माझं आहे.